शिवार ज्याला ठाऊक, नकाशा त्याने काढावा

वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला निघते आणि पूर्णेला, पुढे तापीला मिळते. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी मात्र गोदावरीकडे जातं. म्हणजे आमच्या माळांवर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात, एक अरबी समुद्राचा आणि दुसरा बंगालच्या उपसागराचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर नाला काढताना ही गोष्ट फार जपावी लागते, कारण तिथे नाल्याची रेषा ज्या दिशेने ओढाल तीच पाण्याची दिशा मानली जाते. उपग्रहाच्या चित्रात नाला दिसतो, काठची बाभळी-पळसाची झाडं दिसतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रात पाणी कुठून कुठे जातं ते दिसत नाही, आणि माथ्यावरच्या सपाट रानात तर अंदाजही बांधता येत नाही.

मालेगाव तालुक्यातल्या अशाच एका नाल्याबद्दल मी काठच्या शेतकऱ्याला विचारलं, "बाबाजी, यातलं पाणी कोणीकडं जाते?" तूर सोंगता सोंगता ते थांबले आणि विळ्यानेच दाखवत म्हणाले, "जोराचा पाऊस झाला का माह्या धुऱ्यावून उतरते, न् मंग त्या पळसापासून खाली वळते. दोन वर्षं झाले, धुरा फोडूनच जाते." रेषेची दिशा ठरली. शिवाय धुरा कुठे फुटतो हेही कळलं, जे कोणत्याच नकाशावर नव्हतं.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही तो फुकट वापरावा, एवढंच त्याचं सूत्र. २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथले रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतपथकांनी तेच नकाशे वापरले. लांबून केलेल्या कामाची किंमत त्यातून जगाला कळली. वाशीममधल्या कितीतरी रेषाही अशाच दूरवरच्या माणसांनी ओढलेल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण वरून काढलेला नकाशा बहुधा उन्हाळ्याचा नकाशा असतो, हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. ढग नसतात तेव्हाचीच चित्रं स्वच्छ येतात. त्या चित्रात पांदण रस्ता पांढराशुभ्र आणि चांगला रुंद दिसतो. जुलैत त्याच रस्त्यावर काळ्या मातीचा गारा होतो, बैलगाडीचं चाक अर्ध्यापर्यंत रुततं. सोयाबीन काढणीला आलं आणि परतीचा पाऊस लागला तर माल डोक्यावर वाहून आणावा लागतो. नकाशात त्या रेषेला फक्त 'रस्ता' म्हटलं तर ते खरं नाही. कच्चा आहे, मातीचा आहे, पावसाळ्यात बंद असतो, मध्ये पूल नाही, रपटा आहे, हे सगळं नोंदवायची सोय त्यात आहे. ती नोंद करायला मात्र तिथून चाललेला माणूस लागतो.

आपल्याकडे नकाशा ही पिढ्यान्‌पिढ्या सरकारची वस्तू होती. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ची. त्रिकोणमितीने अख्खा देश मोजायला निघालेले विल्यम लँबटन १८२३ साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारले. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट यंत्र माणसांकरवी डोंगरावर चढवून त्यांनी मोजणी केली होती. त्या कामाबद्दल आदर वाटतो, पण तो नकाशा राज्य करण्यासाठी होता आणि पुढेही बराच काळ सामान्य माणसापासून दूर राहिला. तलाठ्याकडचा गाव नकाशा तेवढा लोकांना माहीत असतो. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग, हे शेतरस्त्याच्या भांडणात तहसीलला खेटे घातलेला कुणीही सांगेल. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीचे नियम सैल केले आणि नकाशे करायला भारतीयांना आधी परवानगी घेण्याची गरज राहिली नाही. माझ्या मते आपल्या हातात आलेला हा मोठा अधिकार आहे. गावोगाव त्याची चर्चाच झाली नाही, याचं वाईट वाटतं.

रस्त्यावरून काढलेल्या फोटोंचं मोल मला समृद्धी महामार्गाने शिकवलं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांच्या शिवारांतून हा रस्ता भरावावरून, दोन्ही बाजूंना कुंपण घालून गेला. नकाशात मात्र जुन्या गाडीवाटा त्याला आडव्या छेदून जात होत्या, मध्ये काही नसल्यासारख्या. शेत पलीकडे गेलेल्या माणसाला आता बोगदा गाठावा लागतो, आणि बोगदा कुठे आहे, त्यातून कडबा भरलेली ट्रॉली निघते का, पावसात आत पाणी साचतं का, यावर त्याचा दिवस ठरतो. मोटारसायकलच्या हँडलला फोन बांधून महामार्गालगतच्या कच्च्या रस्त्यांनी जायचं, बोगद्यापाशी थांबायचं, अलीकडून पलीकडून फोटो घ्यायचे. या फोटोंचं तंत्र साधं आहे. दर काही मीटरवर एक फोटो पडला की लागोपाठच्या फोटोंत तोच खांब, तीच पाटी दोनदा-तीनदा येते आणि त्यावरून संगणक त्या वस्तूची जागा ठरवतो. सकाळी ऊन पाठीशी घेऊन निघावं, नाहीतर पाट्या वाचता येत नाहीत. पांदणीत फोन हादरतो, फोटो फिसकटतात, तिथे सरळ उतरून पायी चालावं. घरी आल्यावर फोटो बघून जुन्या रेषा तोडायच्या, बोगदा नेमका मांडायचा, उंचीची पाटी असेल तर उंची लिहायची. २०२२ साली गुगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा भारतात आली तेव्हा पहिल्या दहा शहरांत आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. कंपनीची गाडी आज ना उद्या हमरस्त्याने सगळीकडे पोचते, पण बैलगाडीच्या वाटेवर ती कशाला येईल?

मी फोटो मॅपिलरीवर टाकतो. ही सेवा २०१३ साली स्वीडनमध्ये सुरू झाली आणि २०२० साली फेसबुकने ती विकत घेतली. फोटोंचा परवाना खुला राहिला, चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक यंत्र पुसट करतं, हे खरं. तरी लोकांनी उन्हातान्हात गोळा केलेला साठा एका कंपनीच्या मर्जीवर असावा, हे मला पटत नाही. फ्रान्समध्ये पॅनोरामॅक्स नावाने संस्थांनी आपापल्या सर्व्हरवर असाच साठा उभा केला आहे. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाने असं काही मनावर घेतलं तर पश्चिम विदर्भातल्या विद्यार्थ्यांना शिकायला आणि गावांना वापरायला केवढं मोठं साधन मिळेल.

चेहरे यंत्र पुसतं म्हणून सगळंच टिपावं असंही नाही. हापशीवर बाया पाणी भरत असतील, नाल्यावर धुणं चालू असेल, तर मी फोन बंद करतो. तांड्यात शिरण्याआधी नायकाला किंवा ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारतो. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात तर हा शिरस्ता मी कधीच मोडत नाही. तिथल्या कित्येक तांड्यांची नुसती छपरं नकाशात होती, नाव नव्हतं. नाव विचारलं की माणसं एकमेकांकडे बघतात, मग चारसहा जण मिळून एकमत करून सांगतात. ते नाव दुसऱ्या दिवशी फोनच्या नकाशावर उमटलेलं दाखवलं तेव्हा एका पोराने ते आपल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

नावांचा सगळ्यात अवघड प्रश्न वस्त्यांचा आहे. जे जागेवर आहे तेच नोंदवावं, असा या नकाशाचा नियम. पण गावकुसाबाहेरची वस्ती विचारली तर गावातली बरीच माणसं अजून जातीचंच नाव सांगतात. राज्य मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. मी वस्तीतल्या लोकांना विचारतो, कमानीवर किंवा समाजमंदिरावर काय लिहिलंय ते बघतो आणि तेच नाव लावतो. जुनं नाव दुय्यम नोंदीतही ठेवत नाही. इतिहास पुसला जातो, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो इतिहास पुस्तकांत जरूर असावा. रोज पत्ता सांगताना एखाद्या मुलीच्या फोनवर तो उमटावा, हे मला मान्य नाही.

हे काम एकट्यादुकट्याने होणारं नाही. जिल्ह्यात सहा तालुके आहेत, प्रत्येकात शेकडो वाटा आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातल्या काही बदलतात. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर गावात येतं, सात दिवस राहतं, श्रमदान करतं. त्यातली एक दुपार पांदण रस्ते, रपटे, हापशा आणि रोहित्रं नोंदवायला दिली तर गावाला त्याचा उपयोग वर्षानुवर्षं होईल. १०८ची गाडी बोलावताना वस्ती कुठे आहे हे फोनवर समजावत बसावं लागतं, तेव्हा ही नोंद किती मोलाची ते कळतं.

पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या वऱ्हाडी वाचकांना एवढंच सांगणं आहे. दिवाळीला गावी याल तेव्हा फोनमध्ये स्ट्रीटकम्प्लीट टाकून या. ते ॲप रस्त्याने जाताना एकेक प्रश्न विचारतं, त्याची उत्तरं तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत. आपल्या शेताकडे जाणारी पांदण आधी नोंदवा, आणि नाल्याची दिशा विचारायची असेल तर काठच्या शेतकऱ्याला विचारा.