दोष कोणाचा?

मूल हाकेला वळून पाहत नाही, मिस्सा चालू असताना ओरडते, तेव्हा आपल्या नजरा आईकडे वळतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही विचारले होते, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. स्वमग्नता हे पाप नव्हे, संगोपनातली चूकही नव्हे. ती मेंदूच्या वाढीतली वेगळी अवस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यता दिली आहे. पण निदान व प्रमाणपत्रासाठी धानोऱ्याहून गडचिरोलीला खेपा घालाव्या लागतात, रोजी बुडते. पक्षघाती माणसाला चौघांनी प्रभूकडे उचलून नेले. आपल्यातले कोण त्या आईसोबत एसटीत बसेल? आणि पुढच्या रविवारी मूल ओरडले, तर मागे न पाहता आपण थोडे सरकून जागा देऊ या.