दुसऱ्याचा मुलगा

आमच्या इमारतीतला एक विद्यार्थी अग्निशमन केंद्रात स्वयंसेवक आहे. नळ्या गुंडाळणे, गाडीवरचे सामान तपासणे, बोलावणे आले की जवानांच्या मदतीला जाणे, ही त्याची कामे. मोबदला एक आगोरासुद्धा नाही. आम्ही सारे त्याचे कौतुक करतो. परवा आमच्याच नातवाने तसा हट्ट धरला, तेव्हा मात्र आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'नको'!

कार्मेलची आग आम्ही विसरलेलो नाही. २ डिसेंबर २०१० रोजी ते रान पेटले व ४४ माणसे दगावली. त्यांत हैफाचा असाच एक १६ वर्षांचा स्वयंसेवक विद्यार्थी होता. त्या दिवशी तो शाळेतून उठून मदतीला धावला होता.

उभी हयात आम्ही मुलांकडून 'परोपकार' या विषयावर निबंध लिहून घेतले. आता स्वतःलाच विचारतो, आमचे घर पेटले तर धावून येणारा नेहमी दुसऱ्याचाच मुलगा का असावा? अल्पवयीन मुलांना ज्वाळांपुढे नेऊ नये, हे आमचे मत पक्के आहे. पण नळ्या गुंडाळायला तरी कोणी हवेच की!

संमतीचा कागद टेबलावर पडून आहे. नातू येता-जाता त्याकडे पाहतो, विचारत मात्र नाही.