वाळूचा नरसिंह आणि रबराचा राक्षस

इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा भीमेला मिळते, त्या संगमावर नीरा नरसिंगपूर वसले आहे. विंचूरकर सरदारांनी बांधलेल्या तिथल्या मंदिरात लक्ष्मी-नरसिंहाचे ठाणे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे ते कुलदैवत. तिथली मूर्ती वाळूची, आणि ती खुद्द प्रल्हादाने घडवली, असे स्थानिक परंपरा सांगते. या श्रद्धेकडे जरा थांबून पाहावे. ज्याने डोळ्यांदेखत बापाचे पोट फाडलेले पाहिले, त्या मुलाने त्याच उग्र रूपाची मूर्ती नदीकाठच्या वाळूतून स्वतःच्या हातांनी केली आणि तिच्यापुढे हात जोडले. शेजारच्या बारामती तालुक्यात मोरगावचा मयूरेश्वर आहे. त्याची कथाही एका असुराची, उदरातल्या अमृतामुळे अजिंक्य झालेल्या सिंधूची आणि त्याच्या वधाची. कऱ्हा आणि नीरा यांच्या या मुलखात देवाची गोष्ट सांगायची तर आधी राक्षसाची सांगावी लागते. म्हणून जुने भयपट, राक्षसांची कार्टुने, परग्रहावरच्या प्राण्यांचे कृष्णधवल चित्रपट यांची ओढ म्हणजे निव्वळ पोरकटपणा, असे कोणी म्हटले की ते मला पटत नाही. ही ओढ आणि नरसिंगपूरच्या गाभाऱ्यातला भाव यांचे नाते जवळचे आहे. ते नाते मानल्याने धर्माला बाधा येत नाही, उलट श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातला फरक अधिक स्वच्छ दिसतो.

राक्षस कशाला म्हणावे, याचे एक नेमके उत्तर नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९० साली भयकलेवरच्या आपल्या पुस्तकात दिले आहे. जे आपल्या मनातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही, दोन कप्प्यांच्या फटीत उभे राहते, ते राक्षसी. जिवंतही नाही आणि मेलेलेही नाही, माणूसही नाही आणि पशूही नाही. हे वाचताना मराठी माणसाला हिरण्यकशिपूचा वर आठवल्याशिवाय राहणार नाही. माणसाकडून नको, पशूकडून नको. घरात नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. या सगळ्या अटींच्या फटीतून नरसिंह प्रकटतो. खांबातून निघतो, उंबरठ्यावर बसतो, संध्याकाळची वेळ धरतो. कॅरलच्या व्याख्येला याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. मात्र कॅरलच्या मते अशा गोष्टीबद्दल भीतीबरोबर किळसही वाटते. आपल्याकडे तिला नैवेद्य दाखवतात, तिच्या नावाने मुलाचे जावळ काढतात. इथे त्याचा सिद्धांत अपुरा पडतो. रुडॉल्फ ओटो हा जर्मन धर्मचिंतक याच्या जवळ पोहोचला होता. पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकत्र असतात हे त्याने १९१७ साली मांडले, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायाचा दाखलाही दिला. त्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन एकाच दमात हर्ष झाल्याचे सांगतो आणि मन भयाने व्याकूळ झाल्याचेही सांगतो. ज्ञानदेव त्या अध्यायाच्या प्रारंभीच शांतरसाच्या घरी अद्भुताला पाहुणा म्हणून आणतात. पाहुणा आला की घरच्यांचेही जरा नटणे-थटणे होते, तसे तिथे इतर रसांचे होते. ओटो मात्र भुताखेतांच्या भीतीला या अनुभवाची कच्ची, खालची पायरी मानतो. माझा त्याच्याशी मतभेद आहे तो इथेच.

भीतीचा अनुभव उंच की खालचा, हे कशाची भीती वाटली यावर ठरत नाही. भीती वाटत असताना आपले भान कुठे होते यावर ते ठरते. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ पाहावा. कृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी आहे. चित्रपट सुरू होतो तो कथेने नव्हे. आधी या मुलीचा चेहरा जवळून दिसतो आणि ती एकेक भाव करून दाखवते. ही एक लहान मुलगी आहे, ती अभिनय करणार आहे, हे फाळके प्रेक्षकाला उघड सांगून टाकतात. मग तीच मुलगी यमुनेत उडी घेते, पाण्याखाली त्या प्रचंड नागाशी झुंजते आणि शेवटी त्याच्या फण्यावर उभी राहते. आधी सगळे उघड केल्यामुळे विस्मय उणावला का? मुळीच नाही. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या काही वर्षांतच एका मराठी माणसाने ओळखले होते की ‘हे केलेले आहे’ हे ज्ञान आणि ‘हे घडते आहे’ हा अनुभव एकाच मनात सुखाने नांदतात. अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी हेच शाकुंतलातल्या बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरणावरून समजावले होते. ते हरीण पाहताना होणारी भीती ना हरणाची उरते ना आपली. ती कोणा एकाची नसते, म्हणूनच ती आस्वादता येते.

जुन्या राक्षसपटांचे मोल इथे आहे. त्यांच्यात घडवणारा हात लपत नाही. १९३३ चा ‘किंग काँग’ बारकाईने पाहिला तर त्या महाकाय वानराच्या अंगावरचे केस वारा नसताना सळसळताना दिसतात. बाहुला काही इंच उंचीचा, आणि विलिस ओब्रायन व त्यांचे सहकारी प्रत्येक चौकटीसाठी तो हाताने किंचित हलवत. बोटे लागली की केस विस्कटत. पडद्यावरची ती सळसळ म्हणजे माणसांच्या बोटांचे ठसे. १९५४ चा जपानी ‘गोजिरा’ म्हणजे जड रबरी पोशाखात घामाघूम होणारा हारुओ नाकाजिमा, आणि हे माहीत असूनही अणुबॉम्बने होरपळलेल्या देशाचे दुःख त्या रबरातून आपल्यापर्यंत येते. मराठीत १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू घ्या. रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला, शब्दभ्रमकाराच्या मांडीवर बसणाऱ्या बाहुल्यांचा सख्खा भाऊ. त्याचा जबडा खालीवर होतो तेवढाच, तरी एका पिढीने त्याला पाहून आईचा पदर धरला आणि पुढच्याच क्षणी ती खदखदून हसली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत तंबूतला सिनेमा चाले तेव्हा तर मालमोटारीवरचे प्रोजेक्टर, ताणलेला पांढरा पडदा, रीळ बदलताना होणारा खोळंबा, सारेच डोळ्यांसमोर असे. तरीही राक्षस आला की माणसे दचकत.

आता गणेश चतुर्थी आठवावी. शाडूची मूर्ती कुंभारवाड्यात कशी होते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी प्राणप्रतिष्ठा होते, आणि उत्तरपूजा झाल्यावर तीच मूर्ती पाण्यात जाते. पार्थिव पूजेचे सारे शहाणपण या जाणिवेत आहे: मूर्ती आपण केली आहे, ती विरघळणार आहे, आणि तोवर तिच्यात देव आहे. नरसिंगपूरची वाळूची मूर्ती याच शहाणपणाची. तंबूत बसून रबराच्या राक्षसाला घाबरणारा मुलगा नकळत हीच मनोवृत्ती गिरवत असतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. भुताचे चित्रपट पाहून भुतावरचा विश्वास बळावतो, मांत्रिकाला प्रतिष्ठा मिळते, ‘पुराना मंदिर’सारख्या रामसे बंधूंच्या चित्रपटात शेवटी त्रिशूळच कामी येतो, मग विवेकाचे काय? ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा होऊ शकला, त्या राज्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. यातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. गावातल्या एखाद्या विधवेला चेटकीण ठरवून मारहाण होते तेव्हा पडद्यावर वर्षानुवर्षे दाखवलेली मोकळ्या केसांची हडळ त्या पापात वाटेकरी असते. जिवंत माणसाकडे बोट दाखवून ‘हाच राक्षस’ म्हणणारा चित्रपट वाईटच. पण अंधश्रद्धा जगते कशावर? हातचलाखी लपवण्यावर. भोंदू बाबा हवेतून विभूती काढतो आणि अंगठ्याच्या बेचक्यातली गोळी दिसू देत नाही. चळवळीचे कार्यकर्ते गावोगाव तोच चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती उलगडतात. लोक आधी थक्क होतात, मग समजतात. मंदाकिनीचा चेहरा आधी दाखवणारे फाळके आणि हे कार्यकर्ते एकाच बाजूचे आहेत. ज्याने लहानपणी बाहुल्याची भीती आणि बाहुल्याची दोरी दोन्ही पाहिली, तो बाबापुढे बसल्यावर दोरी शोधण्याची शक्यता जास्त. ‘स्कूबी-डू’ या १९६९ पासूनच्या कार्टूनमध्ये तर बहुतेक वेळा भुताचा मुखवटा ओढला की खालून जमिनीवर डोळा ठेवणारा एखादा लोभी माणूस निघतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. देवाला रबरी राक्षसाच्या पंगतीला बसवणे हा अपमान नाही का? ज्यांना असे वाटते त्यांनी नाशिक-पालघरकडचा बोहाडा आठवावा. लाकडाचे किंवा लगद्याचे जड मुखवटे गावातलीच माणसे चढवतात, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांकडे ठरलेली सोंगे असतात, आणि ओळखीच्या शेजाऱ्याने नरसिंहाचा मुखवटा चढवून नाच सुरू केला की बाया त्याच्या पाया पडतात. कोकणातल्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांना हसवतो, पण त्याने वेद पळवल्याची गोष्ट त्यामुळे हलकी होत नाही. आपल्या परंपरेने देवाला सोंगाचे वावडे कधी मानलेच नाही.

भीतीत भान राहिले की आणखी एक गोष्ट साधते. राक्षसाच्या तोंडाकडे नीट पाहायला सवड मिळते. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या मानवी अवयवांच्या गाठोड्याला फुले देते. दोघे मिळून एकेक फूल पाण्यात टाकतात, फुले तरंगतात. फुले संपतात तेव्हा तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल या समजुतीने. बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ ज्याने पाहिला त्याला राक्षसाचा निव्वळ द्वेष करता येत नाही. जेजुरीलाही हे ठाऊक आहे. खंडोबाने मारलेल्या मल्लाचे मस्तक पायऱ्यांशी आहे, तर शरण आलेल्या मणीला मंदिरात जागा मिळाली. आणि प्रल्हाद तर असुराचाच मुलगा. परग्रहावरचा पाहुणा शत्रू नसून आपल्याला सावध करायला आला असेल, हे १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ने शीतयुद्धाच्या ऐन भीतीत सांगितले, ते याच जातीचे धैर्य होते. जयंत नारळीकरांनी विचार करणाऱ्या यंत्राच्या कादंबरीला ‘वामन परत न आला’ हे नाव दिले तेव्हा विज्ञानकथा आणि पुराण यांच्यातला रस्ता त्यांनी मराठीत आणखी रुंद केला.

जुन्याची आठवण म्हणून हे सारे गोड वाटते, आजचे संगणकी राक्षस कितीतरी सरस आहेत, असेही कोणी म्हणेल. ते सरस आहेत हे खरेच. पण त्यांच्यात बोटांचे ठसे उरलेले नाहीत, आणि खऱ्याखोट्याची सीमाच दिसू नये हाच त्यांच्या कारागिरीचा आदर्श. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली दृश्ये मोबाइलवर घरोघर पोहोचत असताना ‘हे केलेले आहे’ हे ओळखण्याचा सराव मुलांना कुठे मिळणार, हा आता करमणुकीपुरता प्रश्न राहिलेला नाही. ‘कालिया मर्दन’चा वाचलेला भाग आजही पाहता येतो. वैशाखात नृसिंह जयंतीला नरसिंगपूरला यात्रा भरते, तेव्हा संगमाच्या वाळवंटात पडदा लावून तो दाखवावा. कुणी म्हणेल, मूकपट आजची पोरे पाहणार नाहीत. मंदाकिनीच्या चेहऱ्याचा पहिला तुकडा न कापता दाखवला आणि शेजारी एखादा कीर्तनकार कथा सांगायला उभा केला, तर पाहतील.