आतून लागणारी कडी

वऱ्हाडात कलावंत फार लवकर 'आपला' होतो. भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये उभे राहून आपल्या बोलीत बोलू लागले आणि अमरावती-अकोल्यातल्या घराघरांत ते नात्यातलेच झाले. २०१४ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाने मोठे काम केले. ज्या बोलीला एरवी गड्याच्या नाहीतर गावंढळ पात्राच्या तोंडी जागा मिळायची, ती साऱ्या महाराष्ट्राने आवडीने ऐकली. त्याचा अभिमान वाटणे रास्तच आहे. पण या आपलेपणात एक हक्क दडलेला असतो आणि तो मला अस्वस्थ करतो. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या विनोदी नटाला 'होऊन जाऊ द्या एखादं' म्हणणारा, हातातला घास खाली ठेवायला लावून खांद्यावर हात टाकणारा माणूस वाईट नसतो. त्याचे प्रेम खरे असते. समोरचा माणूस आत्ता कामावर नाही, तो जेवायला आला आहे, एवढेच त्या प्रेमाला दिसत नाही.

माझे म्हणणे असे की कलावंताला डोक्यावर घेणारा आणि त्याला हिणवणारा, दोघेही एकाच गोष्टीकडे पाठ फिरवतात. मंचावर चालते ते काम आहे, मेहनतीचे आणि पोटापाण्याचे काम आहे, हे दोघांनाही मान्य नसते. एकाला ती आपल्यासाठीच आलेली मौज वाटते, दुसऱ्याला चाळे वाटतात. म्हणूनच पहिल्याचा दुसरा व्हायला वेळ लागत नाही.

२०२३च्या फेब्रुवारीत नर्तिका गौतमी पाटील कपडे बदलत असतानाचे चोरून केलेले चित्रण समाजमाध्यमांवर पसरले. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. असे चित्रण करणे आणि पसरवणे हा २०१३पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. चित्रण करणारा एखादाच असेल. पण ते ज्या हजारो फोनांतून पुढे गेले, त्यांतल्या कितीतरी फोनांत तिच्या नाचाच्या चित्रफिती आधीपासून आवडीने जपलेल्या नसतील काय? तिच्या कार्यक्रमाला मैदान अपुरे पाडणारी गर्दी आणि ते चित्रण चवीने पाहणारी गर्दी वेगवेगळ्या गावांतून आली नव्हती.

'तिचे हावभाव अश्लील होते, मग असे होणारच,' असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. या युक्तिवादाला ठाम उत्तर दिले पाहिजे. तिच्या नाचावर लावणीतल्या जाणत्या कलावतींनीच जाहीर आक्षेप घेतले होते, आणि काही हावभावांबद्दल तिने माफीही मागितली होती. तो वाद योग्यच होता. कलेवर कठोर बोलणे म्हणजे त्या कामाला गंभीरपणे घेणे. मी ज्या करुणेबद्दल बोलतो आहे तिला टीकेचे वावडे नाही. पण मंचावरच्या नाचाबद्दलचा राग मंचामागच्या खोलीत शिरायला परवाना देत नाही.

आम्ही अमरावतीकरांनी याचा आणखी एक प्रकार पाहिला. नवनीत राणा चित्रपटांतून राजकारणात आल्या, २०१९मध्ये अमरावतीच्या खासदार झाल्या, २०२४मध्ये पडल्या. २०२४च्या प्रचारात त्यांच्या भूमिकांवर, जातीच्या प्रमाणपत्रावर, पक्ष बदलण्यावर बोलण्यासारखे खूप होते आणि लोक बोललेही. पण त्यांची नाचणारी बाई म्हणून सभेत हेटाळणी झाली. त्यांचे राजकारण ज्यांना मुळीच पटत नाही, त्यांनीही या ठिकाणी थांबायला हवे होते. तो घाव राणांपेक्षा गावोगावच्या मंचांवर नाचणाऱ्या, ज्यांना कुणी तिकीट देणार नाही अशा मुलींवर बसला.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. मला ती ऐकताना दरवेळी वाटते की त्या रात्री त्यांना उभे का राहावे लागले, हे आपण विचारतच नाही. घेतलेली सुपारी असते, डोक्यावर उचल असते, फडातल्या सगळ्या माणसांची पोटे त्या एका बाईच्या पायांवर चालतात. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी वर्गणीची वेळ आली होती. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. गौरवाला आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते खेळाच्या रात्री.

गर्दीच्या या हक्कावर वऱ्हाडातल्याच एका माणसाने फार पूर्वी आपल्यापुरता मार्ग काढला होता. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनकार म्हणून विलक्षण होते. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, हजारोंचा समुदाय हसवत आणि रडवत. मंचावरच्या माणसावर लोक कसे जीव टाकतात, हे त्यांच्याइतके कुणी अनुभवले असेल? आणि तेच बाबा कुणाला पाया पडू देत नसत. कुणी वाकलेच तर काठी उगारत. कीर्तन संपले की गर्दीने वेढण्याआधी निघून जात. लोक ही संताची विनम्रता समजतात. मला त्यात गर्दीची पक्की ओळख दिसते. पायाला लागलेला हात उद्या अंगावरची चिंधी मागेल आणि परवा सगळा माणूसच मागेल, हे त्यांना ठाऊक होते. चिंध्या पांघरून फिरणाऱ्या बाबांना गर्दीकडून काही नको होते, म्हणून त्यांना काठी उगारता आली. यात्रेतल्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलीला ती उगारता येत नाही. समोरच्या रांगेतला माणूस नोट दाखवून मंचाच्या कडेला बोलावतो तेव्हा तिला हसावे लागते, कारण पुढची सुपारी त्याच्याच ओळखीने मिळायची असते. तिच्या वाटची काठी मग कुणाच्या हाती असायला हवी? माझ्या मते आयोजकाच्या, आणि त्याहून जास्त तिसऱ्या-चौथ्या रांगेत गप्प बसलेल्या आपल्यासारख्यांच्या.

नामवंतांना निदान बोलता येते. २०२३च्या मे महिन्यात रत्नागिरीच्या नाट्यगृहात उकाड्याने हैराण झालेल्या नट भरत जाधवांनी प्रेक्षकांची माफी मागून 'इथे पुन्हा येणार नाही' असे सांगितले, आणि त्याची बातमी झाली. आपल्याकडच्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतला माणूस असे बोलला तर त्याला दुसऱ्या वर्षी बोलावणे येत नाही, एवढेच होते. म्हातारपणी त्याच्यासाठी शासनाचे मानधन आहे. २०२४पासून ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. वाढ चांगली आहे. पण एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते, आणि कला केल्याचा पुरावा अर्जदारानेच द्यायचा असतो. ज्याची दंडार कंदिलाच्या उजेडात झाली, त्याच्याकडे कात्रण कुठले? तिथे त्याच्या गावातल्या जुन्या प्रेक्षकांनी साक्षीला जावे, ग्रामपंचायतीचा दाखला मिळेपर्यंत त्याच्यासोबत हेलपाटे घालावेत. ज्यांनी रात्र रात्र जागून पाहिले, त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आणि चालू कार्यक्रमांचे काय? गणपती, देवी, यात्रा, भीमजयंती, सगळ्यांना पोलिसांची परवानगी लागते. अर्जात आवाजाची, वेळेची, वाहने उभी करण्याची हमी आयोजक देतातच. त्याच कागदावर आणखी चार ओळी मागता येतील: बायकांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, जवळ स्वच्छतागृह, गर्दीतून न जाता गाडीपर्यंत पोचवणारी वाट, आणि ठरलेली रक्कम खेळाआधी हातात. अमरावती आणि अकोल्यातल्या मंडळांनी हे यंदा आपणहून लिहून दिले, तर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढच्या वर्षी ते सगळ्यांकडून मागायला अडचण राहणार नाही.