अदलाबदल परत फिरवावी का?

'फ्युचरामा' 2003 मध्ये थांबली आणि 2010 मध्ये नव्या भागांसह परतली. त्यातल्या 'द प्रिझनर ऑफ बेंडा' या भागात पात्रांची मनं एकमेकांच्या शरीरात जातात. अडचण अशी, की त्याच दोन शरीरांत पुन्हा अदलाबदल होत नाही. लेखक केन कीलर गणितात पीएचडी. त्यानं चक्क सिद्धता दिली: गुंता कितीही असो, बाहेरचे दोघे मध्ये घेतले की प्रत्येक जण मूळ जागी परततो.

आपल्याकडे हाच गुंता जमिनीचा असतो. सातबारा माझा, ताबा तुझा. तुझ्या गटात मी कसतोय. समजा, बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या शिवारात एकानं 12 वर्षांत विहीर पाडली, पाइपलाइन टाकली, ऊस उभा केला. आता त्याला 'मूळ जागी' पाठवणं हा न्याय, की नवा अन्याय?

राज्य सरकारची 2023 ची सलोखा योजना उलट वाट धरते. किमान 12 वर्षांचा परस्पर ताबा आणि दोघांची संमती असेल, तर 1,000 रुपये मुद्रांक शुल्क, 1,000 नोंदणी शुल्क. कागदच ताब्याच्या मागं येतो.

कीलरचं गणित चूक नाही. पण त्यात कुणाचा घाम मुरलेला नसतो. जमिनीत मुरतो. म्हणून इथं बाहेरचे दोघे पुरत नाहीत; आतल्या दोघांचं 'हो' लागतं. बांधावरच्या भांडणात तेच सगळ्यात महाग.