नियुक्तीपत्रानंतरचे सहा महिने

दिव्यांगांसाठीच्या रोजगार मेळाव्याचे यश सहसा एकाच आकड्यात सांगितले जाते: नियुक्तीपत्रे किती वाटली? त्यांतले किती जण सहा महिन्यांनी कामावर होते, हे कुणी विचारत नाही. ज्याची मोजदादच होत नाही त्यासाठी पैसा राखला जात नाही आणि माणूसही नेमला जात नाही. दिव्यांगांच्या रोजगाराचे आपले सारे धोरण इथेच अडते, असे मला वाटते. नोकरी लागणे ही एका दिवसाची गोष्ट असते, ती टिकायला महिने लागतात. आपली सगळी शक्ती मात्र त्या एका दिवसावर खर्च होते.

कायद्याचा रोखही तसाच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी आस्थापनांतले आरक्षण तीनवरून चार टक्के केले. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता आदींसाठी एकत्रित ठेवला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते आणि पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. खासगी क्षेत्राच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने प्रोत्साहन आले. किमान पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत, यासाठी सरकारने सवलती द्याव्यात, असे कायदा म्हणतो. सवलतींचा अनुभव त्याआधीचाही आहे. दिव्यांग कामगारासाठी मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता तीन वर्षे सरकारने भरायची केंद्राची योजना २००८मध्ये आली. उद्योगांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही. मालकाची अडचण हप्त्याची नव्हतीच. या माणसाला काम शिकवायचे कुणी, आणि अडला तर बघायचे कुणी, हा त्याचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर योजनेत नव्हते.

नाशिकमध्ये हा प्रश्न ठळक दिसतो, कारण इथला रोजगार बराचसा सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग इथे आहेत. दाबयंत्रावर, म्हणजे पॉवर प्रेसवर, बोटे गमावणारा कामगार या धंद्याला अनोळखी नाही. ईएसआय त्याला कमाईची क्षमता किती घटली त्या प्रमाणात लाभ देते. पण सरकारी कर्मचाऱ्याला मिळणारी पर्यायी कामाची हमी त्याला नाही. अपंगत्व म्हणजे जन्माने आलेली, ‘त्यांची’ गोष्ट, हा समज औद्योगिक शहराला तरी परवडणारा नाही.

राहिला काम शिकवण्याचा प्रश्न. त्याची रीत जगाला ठाऊक आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलच्या ब्रेकची जुळणी करायला शिकवले. त्यांनी कामाचे लहान लहान टप्पे पाडले, शब्द कमी वापरले, हाताला हात लावून दाखवले आणि चुकले की ‘वेगळ्या रीतीने करून बघ’ एवढेच सांगितले. पुढे यातूनच आधी कामावर रुजू करायचे आणि मग तिथेच शिकवायचे, हा विचार रुजला. त्यातला मुख्य माणूस म्हणजे जॉब कोच. पहिले काही आठवडे तो कामगाराशेजारी उभा राहतो, सुपरवायझरशी बोलतो आणि हळूहळू मागे सरतो. पुढे मशीन बदलले, शिफ्ट बदलली किंवा सुपरवायझर बदलला, की तो परत येतो.

हे कौशल्य नाशिकला परके नाही. रजनी लिमये यांनी १९७७मध्ये इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, ती स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. अशा शाळेपुढे पालकांचा एक प्रश्न कायम उभा असतो: अठरा वर्षांनंतर काय? त्याचे उत्तर म्हणून अशा संस्थांनी संरक्षित कार्यशाळा काढल्या. या कार्यशाळांत मोबदला तुटपुंजा असतो आणि माणूस बाहेरच्या जगापासून तुटतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण कामाचे टप्पे पाडायचे कसे, कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाला सूचना एका वेळी एकच द्यावी लागते, हे तिथल्या शिक्षकांइतके दुसऱ्या कुणाला कळत नाही. ज्ञान कार्यशाळेत आहे, काम एमआयडीसीत आहे. या दोहोंत ये-जा करणारे पगारी पद मात्र कुणाच्याच आस्थापनेवर नाही.

अंध कर्मचाऱ्याची गरज याहून वेगळी असते. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. पण कार्यालयातला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल किंवा परिपत्रक नुसते स्कॅन करून पाठवले असेल, तर त्याचा काही उपयोग होत नाही. इथे लाखांचा खर्च लागत नाही, एक सवय बदलावी लागते. ती बदलायला सांगणारे कुणी नसले, की ‘यांना काम जमत नाही’ असा शेरा पडतो.

दोन गोष्टी मात्र सवयीने सुटणाऱ्या नाहीत. पहिली ठेकेदारीची. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्याने घेणाऱ्या ठेकेदाराकडे, एका सुपरवायझरने समजून घेतलेला माणूस दर वेळी पहिल्या पायरीवर येतो. दुसरी सरकारकडून मिळणाऱ्या मासिक अनुदानाची. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. किमान वेतनाची नोकरी धरली, की माणूस मर्यादेबाहेर जातो. ती तीन महिन्यांत सुटली, तर दाखल्यांसाठी पुन्हा तहसीलच्या खेपा. अशा वेळी आईबाप ‘नको ती नोकरी’ म्हणाले, तर त्यांना दोष कसा द्यायचा? २०११च्या जनगणनेत देशातल्या सर्व वयांच्या दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्केच काम करणारे होते, स्त्रियांमध्ये तर सुमारे २३ टक्के. या आकड्यांमागे असे हिशेबही आहेत.

आयटीआय झालेली धडधाकट मुले रिकामी असताना हा खटाटोप कशाला, असे उद्योजक खासगीत विचारतात. मोठ्या कंपनीच्या दराच्या कात्रीत सापडलेल्या लघुउद्योजकाला हे विचारण्याचा हक्क आहे. म्हणूनच शिकवण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. पण त्याने हेही ध्यानात घ्यावे, की टप्पे पाडून लिहिलेले काम नव्याने आलेला प्रत्येक कामगार लवकर शिकतो.

पैशाचे म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे आहेत. महापालिकेने त्यातून काही जॉब कोच नेमावेत, त्यांना विशेष शाळांतल्या अनुभवी शिक्षकांनी तयार करावे, आणि निमा व आयमा या उद्योजक संघटनांनी त्यांना कारखान्यांची दारे उघडून द्यावीत. राज्याने नोकरी लागताच निराधार योजनेचे अनुदान बंद न करता वर्षभर स्थगित ठेवावे, म्हणजे नोकरी गेली तर ते अर्जाशिवाय सुरू होईल. आणि मेळाव्याच्या अहवालात दोन रकाने वाढवावेत: सहा महिन्यांनी कामावर किती, वर्षाने किती. सुरुवातीला हे आकडे लाजिरवाणे निघतील. पण ते छापले गेले, तरच पुढच्या वर्षी कुणाला तरी त्यांचा जाब विचारता येईल.