लगाम बदलताना

ढोकी हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं, तेरणा साखर कारखान्याचं गाव. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या चुकवत, खड्डे खात गाड्या चालतात. त्यात एसयूव्हीचं स्टिअरिंग एका दिवसात निकामी होत नाही. आधी चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावरचा, म्हणजे रॅकवरचा, रबरी बूट फाटतो, आत पाणी आणि माती शिरते, दात झिजतात. मग स्टिअरिंगला प्ले येतो. हात फिरतो, चाक जागचं हलत नाही. चालकाला ते जाणवतच नाही, कारण हात जरा जास्त वळवायची सवय त्यानं केव्हाच लावून घेतलेली असते.

अशा गाडीखाली कुणी आलं, तर दोष कुणाचा? हाताचा की रॅकचा?

कठोपनिषदात यम नचिकेताला रथ समजावून सांगतो. शरीर हा रथ, आत्मा त्याचा स्वामी, बुद्धी सारथी, इंद्रियं घोडे आणि मन म्हणजे लगाम. सारथ्याची इच्छा घोड्यांपर्यंत पोचवणारी एकच वस्तू आहे, ती लगाम. गाडीत ते काम रॅक करतो. म्हणून ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ ही सबब पुरत नाही. झीज हळूहळू झाली, ती तपासणं सारथ्याच्याच हातात होतं.

ढोकीजवळच्या तेरला संत गोरा कुंभारांची, म्हणजे गोरोबाकाकांची, समाधी आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, अशी आख्यायिका आहे. मिस्त्रीही तसंच करतो. जॅकवर चाक उचलून दोन्ही बाजूंनी धरतो, हलवतो, आवाज ऐकतो. जुना रॅक काढताना टाय रॉडच्या एंडचे आटे एकेक मोजतो, नव्यावर तितकेच बसवतो. रॅक मध्यावर आणतो, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवतो, शेवटी अलाइनमेंट करून घ्यायला सांगतो. या मोजण्यात कुठल्याही पूजेइतकी एकाग्रता असते.

पण उपमा इथं अपुरी पडते. रॅक दुकानात मिळतो, मन मिळत नाही. मन वाऱ्यासारखं आवरेना, अशी तक्रार अर्जुनानं केली, तेव्हा गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्णानं अभ्यास आणि वैराग्य हेच उपाय सांगितले. दुसरा लगाम देऊ केला नाही.

नवा रॅक बसल्यावरही चालकाचा हात काही दिवस गरजेपेक्षा जास्तच वळतो. गाडी सरळ असते, जुना प्ले हातात राहिलेला असतो. तो जायला तेरपर्यंतचा रस्ता पुन्हापुन्हा, सावकाश चालवावा लागतो.